साथ जाहीर करणाऱ्याचे नुकसान कोणी भरायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

साथींच्या प्रसारावरील माझ्या लेखावर आपण इतके सविस्तर आणि परखड लिहिले आहे की, दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे बरे दिसले नसते. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: ‘आता अंतराला अर्थ उरलेला नाही’ असे लिहून मी भूगोलच निकालात काढला, सीमाबंदीवर टीका करताना प्रशांत महासागरातील सामोआ बेटांचे 1918 चे उदाहरण सोयीस्करपणे वगळले, एबोलाच्या आर्थिक हानीचा आकडा देताना बाकीची कारणे पाहिली नाहीत, आणि साथ वेळेवर कळवणाऱ्याला भरपाई द्यावी हे माझे म्हणणे, आपल्या शब्दांत, ‘चोराला बक्षीस’ देण्यासारखे आहे. पहिला आणि तिसरा आक्षेप मला मान्य आहे, दुसरा निम्मा मान्य आहे, चौथा मात्र मान्य नाही. आणि या उत्तरातील बरीचशी जागा त्या चौथ्यानेच घेतली आहे.

अंतराविषयीचे ते वाक्य लिहिताना माझ्यासमोर हाँगकाँगचे मेट्रोपोल हॉटेल होते. 21 फेब्रुवारी 2003 रोजी ग्वांगडोंग प्रांतातून आलेले एक आजारी डॉक्टर तेथे नवव्या मजल्यावर उतरले आणि एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले. त्या मजल्यावर वावरलेले इतर पाहुणे, ज्यांतील बहुतेकांची या डॉक्टरांशी ओळखदेखही नव्हती, आपापल्या विमानांनी पुढे गेले, आणि सार्स हा श्वसनरोग हनोई, सिंगापूर व टोरंटो येथे पोहोचला. हॉटेलच्या एका मजल्यापासून टोरंटो हे त्या आठवड्यात ग्वांगडोंगमधल्या कित्येक खेड्यांपेक्षा ‘जवळ’ होते. डर्क ब्रॉकमन आणि डर्क हेल्बिंग यांनी 2013 मध्ये नेमके हेच गणितात मांडले: किलोमीटर बाजूला ठेवून दोन ठिकाणांमधल्या प्रवासी वाहतुकीवरून अंतर मोजले, तर नकाशावर विस्कळीत दिसणारा प्रसार तळ्यातल्या तरंगांसारखा बऱ्यापैकी क्रमाने सरकताना दिसतो.

येथपर्यंत ठीक होते. तेवढ्यावरून अंतरच नाहीसे झाले असे म्हणणे हा उतावीळपणा होता. पश्चिम आफ्रिकेतील एबोला 2013 च्या अखेरीस गिनीमधल्या मेलियांदू या छोट्या गावातून सुरू झाला, आणि त्या गावाजवळ विमानतळ नव्हता, महामार्ग नव्हता. सिएरा लिओन आणि लायबेरिया यांच्या सीमा मात्र जवळ होत्या, आणि त्या सीमा लोक बाजारासाठी, सोयऱ्यांकडे जाण्यासाठी, मयतीला पोहोचण्यासाठी रोजच्या रोज ओलांडत होते. त्याआधीच्या अनेक साथी दुर्गम भागात पेटून तेथेच विझल्या होत्या. ही साथ तीन देशांच्या बेचक्यात सुरू झाली आणि कोनाक्री, फ्रीटाउन, मन्रोव्हिया या तिन्ही राजधान्यांत शिरली. सुमारे 28,600 रुग्ण आणि 11,300 मृत्यू एवढी तिची व्याप्ती झाली. म्हणून वाक्य असे हवे होते: रोग रहदारीच्या वाटेने जातो, पण रहदारीची वाट नद्या, बंदरे, बाजारपेठा आणि सीमा ठरवतात. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता सामोआ. उदाहरण चोख आहे आणि ते माझ्या लेखात असायला हवे होते. 7 नोव्हेंबर 1918 रोजी ‘टालुने’ हे जहाज ऑकलंडहून पश्चिम सामोआतील आपिया बंदराला लागले, आजारी प्रवासी उतरले, आणि पुढच्या काही आठवड्यांत तेथील सुमारे एक पंचमांश लोक इन्फ्लुएन्झाने मेले. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी साथीच्या बातम्या ऐकून बंदर आवळले. तेथे या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. दोन्हीकडे एकच समाज, एकच भाषा, एकच हवामान, आणि मधे काही तासांचा समुद्र. सीमाबंदीच्या बाजूने याहून बोलका पुरावा मिळणे कठीण आहे, हे मी कबूल करतो.

पण याच गोष्टीतला एक तपशील आपण घेतला नाही. ‘टालुने’ आपियाला येण्यापूर्वी फिजीत सुव्हा बंदरात थांबले होते, आणि तेथे त्याच्यावर साथीमुळे निर्बंध घातले गेले होते. म्हणजे जहाजावर रोग आहे ही माहिती जहाजाबरोबरच प्रवास करत होती. आपियाच्या अधिकाऱ्यांना ती कोणी दिली नाही. पॉयर यांच्या बंदीला यश आले ते बंदी कडक होती म्हणून, हे खरेच. पण ती रोग पोहोचण्यापूर्वी घातली गेली, आणि पूर्वी घालता आली ती बातमी आधी हाती आल्यामुळे. शिवाय ती बंदी मोजक्या जहाजांच्या एका बंदरावर होती. जेथे दररोज शेकडो वाटांनी माणसे येतात-जातात, तेथे बंदीचा निर्णय होईपर्यंत रोग बहुधा आत येऊन बसलेला असतो. त्यामुळे आपण विचारता तसा ‘बंदी की मोकळीक’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. बातमी किती दिवस आधी मिळते, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

एबोलाच्या आकड्याबद्दल थोडक्यात. तीन देशांनी 2015 मध्ये 2.2 अब्ज डॉलरचे उत्पन्न गमावले हा जागतिक बँकेचा अंदाज मी दिला, पण त्याच काळात लोहखनिजाचे भाव कोसळले होते आणि सिएरा लिओन व लायबेरिया या दोघांचीही निर्यात त्यावर अवलंबून होती, हे लिहिले नाही. लिहायला हवे होते. साथीचा हिशेब मांडणाऱ्याला त्या वर्षीची प्रत्येक तूट साथीच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो, आणि मलाही झाला.

आता ‘चोराला बक्षीस’. आपले म्हणणे असे की, साथ लपवणे हा गुन्हा आहे, गुन्ह्याला शिक्षा हवी, आणि कायद्याने बंधनकारक असलेले काम केल्याबद्दल कोणी पैसे देत नाही. तत्त्व म्हणून हे नीटस आहे. अडचण एवढीच की, लपवणारा क्वचितच स्वतःला लपवणारा समजतो. तो फक्त ‘खात्री होईपर्यंत’ थांबतो, आणि खात्री किती उशिरा करायची हे त्याच्या नुकसानीवर ठरते. माझ्या लेखातले जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराचे 1892 चे उदाहरण हेच सांगते. कॉलराचे रुग्ण दिसू लागल्यावरही व्यापारी घराण्यांच्या ताब्यातल्या त्या शहराने अधिकृत घोषणेला बरेच दिवस लावले, कारण घोषणा म्हणजे बंदर बंद. एल्बे नदीचे न गाळलेले पाणी नळांना तसेच चालू राहिले. सुमारे 8,600 माणसे मेली. लागूनच असलेल्या आल्टोना शहरात, जे त्याच नदीच्या खालच्या अंगाला पाणी उचलत होते पण ते वाळूतून गाळून देत होते, साथ फारशी पसरली नाही. आणि जे बंदर वाचवण्यासाठी वेळ काढला, त्याच बंदरातून गेलेल्या जहाजांमुळे परक्या बंदरांनी दारे लावून घेतली. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेने स्थलांतरित घेऊन येणाऱ्या जहाजांवर वीस दिवसांचे क्वारंटाइन लादले.

हॅम्बुर्गचे सत्ताधारी आपल्या व्याख्येत कदाचित चोर ठरतील. मलेशियातले डुकरे पाळणारे शेतकरी ठरतील काय? सप्टेंबर 1998 मध्ये पेराक राज्यात इपोहच्या परिसरात वराहपालकांना मेंदूज्वर होऊ लागला. सुरुवातीला हा जपानी मेंदूज्वर समजला गेला, आणि त्यामुळे डासांवर धुरळणी व माणसांना लस असे उपाय चालू राहिले. पण रोग होता निपा, आणि तो डुकरांकडून येत होता. आता त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात उभे राहून पाहा. शेजाऱ्याचा कामगार दगावला आहे, स्वतःची काही डुकरे ठसकत आहेत, पण बाकीची अजून खात-पीत आहेत, म्हणजे अजून विकता येतात. उद्या सरकारी माणूस आला तर ती मारली जातील. आज दलाल आला तर पडेल भावाने का होईना, पण पैसे हातात येतील. डुकरे ट्रकमध्ये चढली आणि दक्षिणेकडे गेली. नेग्री सेंबिलान राज्यातील बुकित पेलांडोक परिसरात रोग पोहोचला तो याच व्यापारातून, आणि तेथून डुकरे सिंगापूरला गेल्यावर तेथील कत्तलखान्याचे कामगार आजारी पडले. मलेशियात 265 रुग्णांपैकी 105 जण मेले आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली. कोणत्याही नकाशावर हा प्रसार उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा बाण म्हणून दिसेल. तो बाण ओढला घाईच्या विक्रीने. या माणसाला तुरुंगाची भीती घातली असती तर दलाल रात्री आला असता, एवढाच फरक पडला असता असे मला वाटते.

भरपाईतही खोटी मेख असू शकते, हा आपल्या आक्षेपातला सर्वांत वजनदार भाग आहे आणि तो मी टाळत नाही. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत रोग पसरला. 20 फेब्रुवारीला निदान झाले, 23 फेब्रुवारीला जनावरांच्या हालचालीवर बंदी आली. पण निदान होण्यापूर्वीच मेंढ्या बाजारांतून देशभर फिरून आल्या होत्या आणि निदानाच्या दिवशीच पन्नासहून अधिक फार्म बाधित होते, असे मागाहून निष्पन्न झाले. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली. शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, आणि तिचे प्रमाणित दर जाहीर झाल्यावर जनावरांची मूल्यांकने वर सरकली, असा ठपकाही पुढे लेखापरीक्षणात आला. दर फार चढा ठेवला तर माणूस रोग शोधत जाईल, फार कमी ठेवला तर तो लपवील. म्हणून दर रोगापूर्वीच ठरलेला असावा, निरोगी जनावराला पूर्ण आणि मेलेल्याला नाममात्र असावा, म्हणजे लवकर कळवण्यातच फायदा राहील. हा बारकावा लेखात नव्हता. आपल्या टीकेमुळे तो सुचला.

पण ब्रिटनच्याच गोष्टीत आपल्या बाजूने न जाणारी एक बाब आहे. ग्रामीण भागातील पायवाटा बंद झाल्या, फिरायला येणारे थांबले, आणि खेड्यांतल्या लहान लॉजवाल्यांचे व खाणावळींचे जे नुकसान झाले ते शेतीच्या नुकसानीच्या तोडीचे, किंबहुना त्याहून मोठे होते. त्यांना शेतकऱ्यांसारखी भरपाई नव्हती. त्यांनी काही लपवले नव्हते, लपवण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हतेच. तेव्हा भरपाई फक्त ‘चोराला’ मिळते हे आपले म्हणणे येथे अर्धवट खरे ठरते, पण त्यावरचा उपाय भरपाई बंद करणे हा नाही. तिची कक्षा वाढवावी लागेल.

देशांच्या पातळीवर तर एवढाही हिशेब नाही. सध्याचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 2005 मध्ये संमत झाले आणि 2007 पासून अमलात आले. गंभीर घटनेचे मूल्यमापन झाल्यापासून 24 तासांत ती कळवावी, हे बंधन त्यांत आहे. कळवणाऱ्याच्या नुकसानीची भरपाई मात्र नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती 24 तारखेला जागतिक आरोग्य संघटनेला दिली, आणि दोन दिवसांत एकामागून एक देशांनी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातली विमाने बंद केली. तीही तेथील उन्हाळी पर्यटनाचा हंगाम तोंडावर असताना. नंतर उघड झाले की नेदरलँड्समध्ये 19 आणि 23 नोव्हेंबरला घेतलेल्या नमुन्यांतही तोच विषाणू होता. पाहणाऱ्याने आधी पाहिले आणि सांगितले, म्हणून रोग त्याच्या नावावर लागला. पुढच्या वेळी त्याने सांगावे तरी का, याचे उत्तर ‘कायदा आहे म्हणून’ एवढेच असेल तर ते मला अपुरे वाटते.

आणि कायद्यांचेच बोलायचे तर आपण ज्याचा दाखला दिलात, तो आपल्याकडचा 1897 चा साथरोग कायदा पुन्हा वाचून पाहावा. मुंबईतील प्लेगनंतर घाईने केलेला हा कायदा मुळात चार कलमांचा होता. त्या मूळ कायद्यात अधिकार विस्तृत आहेत, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा आहे, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. भरपाईचा उल्लेख येतो तो खर्च कोणी सोसावा या तरतुदीतल्या कंसात, ‘असल्यास’ या शब्दासह.

शेवटी आपण विचारले आहे की, आर्थिक निर्बंध घालायचेच असतील तर ‘प्रदेश’ म्हणजे नेमके काय समजायचे. जिल्हा, राज्य की देश. गंमत अशी की, जनावरांच्या बाबतीत याचे उत्तर तयार आहे. 1995 पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या स्वच्छताविषयक करारात, आयात करणाऱ्या देशाने निर्यातदार देशातील रोगमुक्त क्षेत्रे वेगळी ओळखावीत असे सहावे कलम आहे, आणि त्यानुसार एका देशाच्या एका भागातले मांस नाकारून दुसऱ्या भागातले घेता येते. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर 1994 मध्ये, सुरतला प्लेगचे वृत्त आले. मृत्यूंची नोंद पन्नाशीच्या आसपास होती आणि रोगाचा मुख्य भर एका शहरावर होता. तरीही कित्येक विमान कंपन्यांनी भारताच्या फेऱ्या थांबवल्या आणि काही देशांनी भारतीय माल अडवला, मग तो सुरतेपासून दीड हजार किलोमीटरवर का तयार झालेला असेना. माणसांच्या रोगांसाठी त्या सहाव्या कलमासारखी, निर्बंधांना जिल्ह्याच्या मापात बसवणारी तरतूद मला आरोग्य नियमांत दिसलेली नाही; आपल्या पाहण्यात असेल तर कलमाच्या क्रमांकासह जरूर लिहावे, मी ती मूळ लेखात आपल्या उल्लेखासह जोडीन.