'मोबाइलवर भेटस ना भो सगळं!'

आता पुन्हा कुणी मला हे ऐकवलं ना, तर त्याचाच मोबाइल तापीत फेकीन.

काय भेटतं सगळं? दाखवा शोधून. घरातल्या धुसफुशीवरचे जुने मराठी पिक्चर हुडकायला बसा एकदा. सापडला तर दहा तुकड्यांत, कोपऱ्यात कुणाचा तरी भलामोठा लोगो, आणि सासू-सून समोरासमोर आल्या की मधेच टाइल्सची जाहिरात. शेवट तर बऱ्याचदा कापलेलाच.

म्हणून मी सीडी जमवतो. बंद पडलेल्या लायब्रऱ्यांचा माल, अमळनेरच्या यात्रेतले ढीग, मिळेल तिथून. 'माहेरची साडी' इथं प्रत्येकीला तोंडपाठ. पण 1995 चा 'दोघी' म्हणा, की "कोन दोघी?" ज्या पोरीच्या कमाईवर घर उभं राहिलं तिलाच घरात घ्यायला लाजणारी आई, उत्तरा बावकरांनी केलेली, एकदा बघा म्हणावं. तर आमची मोठी वहिनी म्हणते, "घरात भांडणं कमी शेतस का, ते इकत आणतस?"

बरं, ते सोडा. खरा जाळ साडूचा आहे.

हिवाळ्यात भरीत पार्टीला आला आणि 'कळत नकळत' मागून घेऊन गेला. 1989 चा, कांचन नायकांचा, राष्ट्रीय पुरस्कारवाला. व्हीसीडीत फार तर 80 मिनिटं मावतात, म्हणून पिक्चर दोन सीडींवर. चार महिन्यांनी कव्हर परत आलं, आत एकच. विचारलं तर म्हणे, "पहिली शे ना? मंग?"

मंग काय, कपाळ! विक्रम गोखले बाहेर गुंतलेला, सविता प्रभुणेचा संसार उसवत चाललेला, अशोक सराफचा मामा भाचरांना सांभाळतोय, आणि पडदा काळा. नवी कॉपी आणू कुठून? ज्या दुकानातून घेतली तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात!

परवा त्याच्या मळ्यात केळी आणायला गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं, फुटलेल्या लाल दिव्याच्या जागी, तारेनं काहीतरी बांधलेलं लखलखत होतं. उलटं करून पाहिलं. माझ्याच मार्करनं लिहिलेला 2.

साडू शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "रातले भारी चमकस."