ढोल सगळ्यांनी ऐकला, गाण्यांचं काय?

ब्लडीवूड या दिल्लीच्या मेटल (म्हणजे जड गिटार-ड्रमचं कर्कश रॉक) बँडचा विषय निघाला की आमच्या पुण्याच्या मित्रमंडळींत अजूनही जुंपते. त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम ‘रक्षक’ १८ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. कुठल्याही कंपनीचा आधार न घेता त्यांनी तो स्वतःच काढला. परदेशी रॉक-मासिकांनी उचलून धरला, अमेरिकेच्या बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत नाव लागलेला भारतातला पहिला मेटल बँड म्हणून बातम्या आल्या, आणि तिथून वादाला तोंड फुटलं. एका बाजूचं म्हणणं असं की गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्यावरच आपल्याला आपली माणसं दिसतात. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं गोऱ्यांसाठीच रचलंय: ढोल, तुंबी (पंजाबी एकतारी), बासरी, वर थोडी पंजाबी फोडणी, की झाला भारत. तिसरा कोणीतरी मध्येच विचारतो, मग आपला ढोल-ताशा कुठे आहे?

मी उत्तर जर्मनीत राहतो. हा वाद मला रात्री फोनवर वाचायला मिळतो आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. या सगळ्यात ‘रक्षक’मधल्या एकाही गाण्यात काय म्हटलंय याचा उल्लेख नसतो.

लोकवाद्याची नुसती सजावट केली आहे, हा आरोप आधी घेतो. २०१९ मध्ये हा बँड वाकनला वाजवून गेला. जेमतेम दोन हजार वस्तीचं हे गाव माझ्या घरापासून फार लांब नाही, आणि जगातला सर्वांत नावाजलेला मेटल महोत्सव तिथल्या शेतांत भरतो. त्याची सुरुवात कोण करतं? गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा बँड. गणवेश घालून, पितळी वाद्यांवर, गावच्या समारंभात वाजवावं तसं वाजवतात आणि काळ्या टी-शर्टातला जनसमुदाय त्यावर बेभान नाचतो. गावची वाद्यं आणि मेटल एकत्र आली म्हणून इथे कुणाला संशय येत नाही. संगीत म्हणून जमलंय का, एवढंच बघतात. आणि ‘रक्षक’मध्ये ते जमलंय. हेडफोन लावून नीट ऐका: ढोलाच्या डग्ग्याचा जाड ठोका ड्रमच्या बेसला जाऊन मिळतो, तिल्लीची पातळ काडी गिटारच्या वर मोकळी वाजत राहते. ढोल काढून घेतला तर गाण्याचा सांगाडाच ढासळेल. राहिला ढोल-ताशाचा प्रश्न. दिल्लीच्या पोरांनी दिल्लीत कानावर पडणारी वाद्यं घेतली. आपला ताशा मेटलमध्ये यायला हवा असेल, आणि यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, तर तो पुण्या-मुंबईच्या बँडने आणावा. आपल्याकडे रॉक काही काल आलेला नाही. मुंबईत इंडिपेंडन्स रॉकचा महोत्सव १९८६ पासूनचा आहे.

आता माझा खरा मुद्दा. २०१९ च्या मार्चमध्ये राम्मश्टाइन या बर्लिनच्या बँडचं ‘डॉइचलांड’ हे गाणं आलं. ज्या देशावर प्रेम करावंसं वाटतं आणि करवतही नाही, अशा देशाबद्दलचं गाणं. त्याच्या जाहिरातीच्या तुकड्यात बँडचे लोक छळछावणीतल्या कैद्यांच्या वेशात, गळ्यात फास अडकवलेले दिसले. ज्यू समाजाच्या प्रतिनिधींनी जाहीर निषेध केला, वर्तमानपत्रांत रकाने भरले, आमच्या कार्यालयात जेवणाच्या टेबलावर माणसं हिरीरीने भांडली. हा बँड जर्मनीबाहेर प्रचंड लोकप्रिय आहे, पण त्या दिवसांत त्याला अमेरिकेत किती मान आहे हा मुद्दा मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. भांडण गाण्यावर होतं. इतिहास असा वापरावा का? हे गाणं देशप्रेमाचं की देशाला धिक्कारणारं? वापरावा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांनीही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं होतं.

‘रक्षक’ तितकाच भांडण्याजोगा अल्बम आहे. ‘गद्दार’ हे गाणं धर्म आणि राजकारण कालवून माणसांत फूट पाडणाऱ्यांवर तुटून पडतं. ‘एन्ड्युरंट’ शाळा-कॉलेजातल्या छळाबद्दल आहे, ‘जी वीरे’ नैराश्याशी झगडणाऱ्यांना हात देतं आणि ते गाणं काढताना बँडने गरजूंसाठी मोफत समुपदेशनाची सोय केली होती. ‘दनादन’ बायकांवरच्या लैंगिक हिंसेबद्दल आहे. जयंत भदुलाचा गळा हिंदी-पंजाबीत फाटतो आणि राऊल केर इंग्रजीत रॅप करतो. त्यामुळे इथल्या श्रोत्याला निम्मं तरी समजतं. इथल्या एका क्लबात कार्यक्रम संपल्यावर एक मध्यमवयीन बाई मला भारतीय पाहून थांबली आणि ‘जी वीरे’बद्दल बोलू लागली. मुलगा वर्षभर घराबाहेर पडत नव्हता, त्याने तिला हे गाणं ऐकवलं होतं. हिंदी ओळींत काय आहे ते तिला माझ्याकडून हवं होतं. मी सांगितलं, तिने फोनवर लिहून घेतलं. ज्यांच्यासाठी हा अल्बम म्हणे केवळ ‘माल’ होता, त्यांच्यापैकी ती एक. ज्यांना दोन्ही भाषांतलं सगळंच्या सगळं समजतं, ते आपण, आणि आपण शिक्का कुणाचा यावर अडून बसलो आहोत.

अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. आणि २०२५ च्या ‘नू डेल्ही’ या त्यांच्या अल्बममध्ये खाण्यापिण्यावरचं ‘तडका’ ऐकताना परदेशी पाहुण्याला घर दाखवल्यासारखं मला वाटलं. गोऱ्यांसाठी रचल्याचा आरोप तिथे थोडा लागू पडतो, ‘रक्षक’ला नाही. ‘रक्षक’मधलं माझं मतभेदाचं गाणं ‘दनादन’ आहे. त्यातला संताप खरा आहे, पण उत्तर ठोशाचं आहे. ठोकून काढा, की न्याय झाला. आपल्याकडे आरोपीला परस्पर संपवल्याच्या बातमीवर पेढे वाटले जातात, हे ठाऊक असलेल्या माणसाला ते गाणं ऐकताना अस्वस्थ व्हायलाच हवं.

माझी मावसबहीण मनीषाताई पुण्यात वकिली करते. मेटल तिला सहन होत नाही, तरी माझ्या आग्रहाखातर तिने ‘दनादन’ ऐकलं. म्हणाली, “राग पोहोचला रे. पण तक्रार दिल्यापासून ती मुलगी साक्षीला उभी राहीपर्यंत जी वर्षं जातात, तेव्हा हे ठोसेवाले कुठे असतात?” मी म्हटलं, गाण्याने खटला चालवावा ही अपेक्षा जास्त आहे, आधी राग तरी मोठ्याने बोलला जाऊ दे. तिला ते अजिबात पटलं नाही. फास्ट-ट्रॅक कोर्टांपासून तिच्या एका अशिलापर्यंत ती बोलत राहिली, आणि रविवारी पुन्हा फोन करते म्हणाली, तोपर्यंत ‘गद्दार’ही ऐकून ठेवते.