कणकेशिवाय पखवाज घुमत नाही

हॉटेलातल्या मंद संगीताने जेवणाची चव कशी बदलते, हा लेख आवडला. पण संगीत आणि स्वयंपाकघराचं आमच्याकडचं नातं त्याहून जवळचं आहे, ते लेखात यायला हवं होतं.

पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याला, कणीक लावतात. गावी भजनाच्या दिवशी आजी पोळ्यांची कणीक मळताना एक गोळा बाजूला काढून ठेवायची. तो देवळात पोचवायचं काम माझं. पखवाज वाजवणारे काका त्यात पाणी घालून तो पोळीच्या कणकेपेक्षा सैल करायचे, पुडीच्या मधोमध थापायचे आणि पंजाने एक थाप मारून बघायचे. आवाज चढा वाटला की आणखी चिमूटभर. ओल्या कणकेच्या वजनाने पुडी सावकाश थरथरते आणि तो खोल, पोटात उतरणारा घुमारा येतो. कणीक वाळत गेली की स्वर चढतो, म्हणून मध्येच ओला हात फिरवायचा. भजन संपलं की सगळी खरवडून काढायची, नाहीतर पुडी खराब होते. दक्षिणेत मृदंगमला याच कामासाठी भिजवलेला रवा लावतात.

आणि तंबोरा? त्याचा तुंबा म्हणजे वाळवलेला भोपळाच. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला तो भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचीच आधी आठवण झाली. त्यांच्यावरही एक लेख जरूर लिहा.