अलर्ट आला नाही की रिस्टार्ट? आधी लॉग उघडा

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या सपोर्ट टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो. सर्व्हर पडला आणि अलर्ट आला नाही, तर मॉनिटरिंगची, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवून अलर्ट पाठवणाऱ्या टूलची, सर्व्हिस रिस्टार्ट करा. टेस्ट मेल टाका. तो आला की प्रश्न मिटला. तरीही अलर्ट चुकला तर नाइट शिफ्टवाल्याने फोन पाहिला नाही असं समजा. फारच झालं तर टूल बदला. हा सल्ला घातक आहे, कारण बिघाड तसाच राहतो आणि बोलणी रात्रपाळीच्या पोरापोरींना खावी लागतात.

रिस्टार्टचंच बघा. नागिओस या मॉनिटरिंग टूलमध्ये कुणी वेब पानावरून नोटिफिकेशन बंद केलं असेल आणि स्थिती जतन करण्याची सोय चालू असेल, तर रिस्टार्टनंतरही ते बंदच राहतं. कॉन्फिग फाइलमध्ये ‘चालू’ लिहिलेलं असलं तरी शेवटची जतन केलेली स्थितीच धरली जाते. त्यामुळे आधी लॉग उघडा आणि त्या वेळची नोटिफिकेशनची ओळ शोधा. झॅबिक्स या दुसऱ्या टूलमध्ये हेच अ‍ॅक्शन लॉगमध्ये दिसतं. ओळ असेल तर टूलने अलर्ट पुढे दिला, शोध बाहेर घ्यायचा. ओळ नसेल तर तो आतच अडला. कारणं अशी असू शकतात. कुणी देखभालीसाठी अलर्ट थांबवणारा डाउनटाइम लावला आणि काढायला विसरलं. कुणी आधीच अक्नॉलेज केलं, म्हणजे ‘बिघाड पाहिला’ अशी नोंद केली. ठरलेल्या फेरतपासण्या पूर्ण झाल्या नाहीत, म्हणून बिघाड अजून ‘सॉफ्ट’, म्हणजे पक्का न धरलेल्या अवस्थेतच आहे. सर्व्हिस सारखी वर-खाली होत असल्याने फ्लॅपिंग समजून अलर्ट रोखले गेले. झॅबिक्समधलं एक कारण तर हमखास नजरेतून सुटतं: ज्या माणसाला त्या होस्टवर, म्हणजे नजर ठेवलेल्या मशीनवर, निदान वाचण्याचा हक्क नाही, त्याला अलर्ट जातच नाही. टीममध्ये नवीन आलेल्याचा मेल पत्ता भरतात, हक्क द्यायचे राहून जातात, आणि पहिल्याच रात्री ठपका त्याच्यावर येतो.

आता टेस्ट मेल. कमांड लाइनवरून रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला युझर, म्हणून पाठवलेला मेल ना संपर्काची वेळ तपासतो, ना अलर्टची तीव्रता, ना हक्क. नागिओस सहसा स्वतःच्या वेगळ्या युझरखाली चालतो. रूटला जमलेलं त्याला जमेलच असं नाही. शिवाय मेल पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती दिला म्हणजे पोचला असं होत नाही. मेल क्यू, म्हणजे पाठवायच्या मेलची रांग, पाहा, मेल लॉगमध्ये ‘डिफर्ड’ (लांबणीवर पडलेला) किंवा ‘बाउन्स्ड’ (परत आलेला) शोधा. ‘सेंट’ दिसलं तरी त्याचा अर्थ पुढच्या सर्व्हरने मेल स्वीकारला एवढाच. तिथून तो स्पॅममध्येही गेलेला असू शकतो. साध्या जीमेल खात्यातून, फक्त पासवर्डवर अलर्ट पाठवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टांना मे 2022 अखेरीपासून गूगलने दार बंद केलं. तिथे टूल कितीही रिस्टार्ट करा, लॉगिन नाकारलंच जाणार.

एसएमएसची गोष्ट आपल्याकडे आणखी वेगळी आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांमुळे हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदवावा लागतो. कुणीतरी चांगल्या हेतूने अलर्टच्या मजकुरात दोन शब्द वाढवतो, साचा जुळेनासा होतो आणि संदेश वाटेतच अडतो. ऑक्टोबर 2024 पासून नोंद नसलेली लिंकही चालत नाही, म्हणजे डॅशबोर्डची लिंक जोडली तरी तोच प्रकार. एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेचा डिलिव्हरी रिपोर्ट न पाहता यातलं काहीच कळत नाही.

‘फोन पाहिला नाही’ हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. अँड्रॉइड 13 पासून अ‍ॅपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली कितीतरी फोन मागे चालणारी अ‍ॅपं झोपवतात. फोन उशाशी असूनही न वाजण्याची ही खरी कारणं आहेत. माणसाला मेमो देण्याआधी त्या सेटिंग तपासा.

टूल बदलून काय होणार? मेलचा मार्ग तोच, एसएमएसचा साचा तोच, फोन तेच.

या सल्ल्यात न लिहिलेलं एक गृहीतक आहे: अलर्ट नाही म्हणजे सगळं ठीक. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. अशा वेळी मॉनिटरिंग सर्व्हर आणि मेल पुढे पाठवणारा मेल रिले एकाच विजेवर, एकाच लाइनवर असतील, तर कळवणाराच गप्प होतो. प्रोमिथियस हे मॉनिटरिंग टूल वापरणारे यासाठी कायम पेटलेला ‘वॉचडॉग’ अलर्ट ठेवतात. तो यायचा थांबला की बाहेरची यंत्रणा हाक देते. ती बाहेरची यंत्रणा मॉनिटरिंग सर्व्हर असलेल्या महाप्याच्या त्याच इमारतीत ठेवू नका.