आम्हाला कोणी काय दिले?

आज सकाळी इंदूरच्या आमच्या मराठी ज्येष्ठ मंडळींच्या बैठकीत, पोहे संपून चहा येईपर्यंतच्या वेळात, एका काकांनी एक वाक्य टाकले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. "फाळणीनंतर सिंध्यांनी रस्त्यावर गोळ्या-बिस्किटे विकून दुकाने उभी केली, आपले पूर्वज होळकरांच्या मागे घोड्यावरून आले, कोणाला सरकारने काही दिले नाही, मग आता पाकिस्तानातून येणाऱ्यांचेच एवढे लाड कशाला?" बैठकीत वाद घालायचा नाही असे घरून मला बजावलेले असल्यामुळे मी गप्प बसले. फेसबुकबद्दल कोणी काही बजावलेले नाही.

आधी आपलेच पाहू. इनामे, वतने, वाड्यासाठी जागा, दरबारातील कारकुनी हे सगळे काय आकाशातून पडले होते? शिवाय होळकरांचे दप्तर मोडी लिपीतल्या मराठीत, म्हणजे कचेरीत गेलेल्या मराठी माणसाला समोरचा कागद वाचता येत होता. एवढी सोय असलेल्यांच्या वंशजांनी "आम्हाला कोणी काय दिले" असे विचारू नये.

आमच्या वरच्या मजल्यावर सिंध प्रांतातून आलेले, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असलेले एक कुटुंब राहते. त्यातील बाई तिकडे प्राथमिक शाळेत शिकवत असे. मागच्या महिन्यात खाते उघडण्यासाठी मी तिच्यासोबत एका बँकेत गेले. हिंदी ती फाडफाड बोलते, इंग्रजीशी ओळख जेमतेम आहे आणि तिची सिंधी उजवीकडून डावीकडे, अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाते, त्यामुळे देवनागरीचे एक अक्षर तिने कधी गिरवलेले नाही. अर्ज हातात येताच तिचे बोट आपोआप ओळीच्या उजव्या टोकाशी गेले. खिडकीमागच्या मुलाने ते पाहिले, शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाला, "अंगूठा लगवा दीजिए।" जिने पिढीभराच्या मुलांना अक्षरे शिकवली, तिला अंगठा लावायला सांगितले गेले आणि तिने तो निमूटपणे लावला. मला अजून राग येतो आहे.

आता त्या गोळ्या-बिस्किटांविषयी. विकली, हे खरेच आहे, आणि त्या लोकांच्या जिद्दीला माझा नमस्कार आहे. पण सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात मदत व पुनर्वसनाचे स्वतंत्र मंत्रालय उभे राहिले होते, १९४८ पासून निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारी वेगळी सरकारी यंत्रणा होती, आणि १९५४ च्या कायद्याने सीमेपलीकडे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून भरपाई देण्याची सोय केली, या गोष्टी बैठकीत कोणालाच कशा आठवत नाहीत? कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले. आपल्या भोपाळजवळ बैरागढला, महायुद्धातले इटालियन कैदी ज्या बराकींत ठेवले होते, त्यांतच सिंधी कुटुंबांचे संसार सुरू झाले. आजच्या हरियाणातल्या निलोखेडीला तर लोकांना हातची कामे शिकवत शिकवत अख्खे गाव वसवले. भरपाई दाव्याइतकी मिळाली नाही आणि पूर्व बंगालमधून आलेल्यांना रायपूरजवळच्या माना छावणीत व मध्य भारतातल्या दंडकारण्याच्या जंगलात नेऊन टाकले, हे मान्य करावेच लागते; परंतु हे देणे कमी पडल्याचे उदाहरण आहे, काहीच न दिल्याचे नव्हे.

ज्या काकांनी हे वाक्य टाकले, त्यांच्याच मुलीच्या सासूबाई मेलबर्नला कायमच्या राहायला गेल्या, तेव्हा दवाखान्यात फोनवरून मराठी दुभाषी मिळतो आणि इंग्रजीचे वर्ग फुकट असतात, हे कौतुक आम्ही याच बैठकीत तासभर ऐकले होते. ऑस्ट्रेलियात ते वर्ग १९४८ पासून सरकारी खर्चाने चालू आहेत, फोनवरची दुभाषी सेवा १९७३ ची आहे, आणि वर्गांवरची ५१० तासांची मर्यादासुद्धा २०२१ मध्ये काढून टाकली गेली. सुरुवातीला हा सगळा थाट युरोपातल्या गोऱ्यांसाठीच होता, नव्याने आलेल्यांना ठेवायच्या बोनेगिलाच्या छावणीत हाल होते आणि सरकार सांगेल तेथे दोन वर्षे राबावे लागत असे, हेही खरे. तरी आलेल्या माणसाला तिथली भाषा शिकवणे हे सरकारचे काम आहे, एवढे त्यांना पंचाहत्तर वर्षांपूर्वी कळले. मेलबर्नला तो हक्क आणि इंदूरला ते लाड, हा हिशेब मला समजत नाही.

आपल्या सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. २०१६ मध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या अशा लोकांना बँकेतले खाते, पॅन, आधार आणि राहण्यापुरते घर घेण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले गेले त्यांत इंदूर आणि भोपाळही होते. नागरिकत्वाच्या कायद्यावर मला आज भांडायचे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मुभा कागदावर मिळते आणि तो कागद या बाईला वाचता येत नाही.

राग थोडा उतरल्यावर त्या बँकेतल्या मुलाचा विचार मनात आला. त्याच्या खिडकीपुढे पंधरा-वीस माणसे ताटकळत होती, त्याला अशा वेळी काय करावे हे कोणी शिकवलेले नव्हते, आणि अंगठा ही त्याला दिसलेली सर्वांत सोपी वाट होती. त्याने तिला "बैठिए" म्हणून स्वतःची खुर्चीही दिली होती, हे वर रागाच्या भरात लिहायचे राहिले.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. सिंधी कॉलनीत आजही असे आजोबा आहेत की जे लहानपणी सिंधमध्ये त्या लिपीत शिकले आणि नंतर आयुष्यभर देवनागरीत हिशेब लिहीत राहिले. दोन्ही लिप्या सहज वाचणारी ही शेवटची पिढी आहे आणि सगळे ऐंशीच्या पुढचे आहेत. कलेक्टर कचेरीत आठवड्यातून दोन दिवस एक टेबल, एक पंखा आणि त्या टेबलाशी यांच्यापैकी एक जण, मानधन देऊन. जवळच्या सरकारी शाळेत संध्याकाळी मोठ्यांसाठी अक्षरओळखीचा वर्ग. अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. सह्या हव्या आहेत, आणि पहिली सही मी उद्या त्या काकांकडेच मागणार आहे.