सबब आधी, सराव नंतर

पायांचं फार मनावर घेऊ नका. शंभर मीटर म्हणजे दहा सेकंदांचा मामला. जीभ मात्र पुढची दहा वर्षं चालवावी लागते. तेव्हा स्पाइक्स (धावायचे खिळ्यांचे बूट) घेण्याआधी, उत्तेजकांच्या तपासणीत सापडल्यावर सांगायला एक बरीशी सबब शिवून घ्या.

सबब घरगुती असेल तर उत्तम. अमेरिकेचा डेनिस मिचेल बघा. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये (1992) शंभर मीटरचं ब्राँझ आणि रिलेचं सुवर्ण मिळवलेला गडी. 1998 मध्ये त्याच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन (स्नायूंना बळ देणारं पुरुषी संप्रेरक) जास्त निघालं. गडी डगमगला नाही. म्हणाला, आदल्या रात्री बिअर झाली होती आणि बायकोचा वाढदिवस होता, त्यामुळे निदान चार वेळा... पुढचं तुम्ही समजून घ्या. त्याच्या देशातल्या संघटनेला हे पटलं! आंतरराष्ट्रीय महासंघाला पटेना, त्यांनी दोन वर्षं घरी बसवलं. म्हणजे आणखी दोन वाढदिवस.

बायकोला मध्ये आणायचं नसेल तर मसाजवाला आहेच. अथेन्स ऑलिंपिकमधला (2004) शंभर मीटरचा विजेता, अमेरिकेचाच जस्टिन गॅटलिन 2006 मध्ये टेस्टोस्टेरॉनलाच सापडला, तेव्हा त्याच्या प्रशिक्षकाने सांगितलं की मसाज करणाऱ्याने आकसाने मलम चोळलं. मसाजवाल्याने कानावर हात ठेवले. आठ वर्षांची बंदी पुढे चारवर आली, आणि 2017 मध्ये लंडनला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी 9.92 सेकंदांत हा पठ्ठ्या जगज्जेता. बोल्ट तिसरा. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, पण पदकाला कान नसतात. आणि तेव्हा त्याचा प्रशिक्षक कोण? आपला वाढदिवसवाला मिचेल. गुरू असा अनुभवी निवडावा.

सबब सुचतच नसेल तर सापडूच नका. 12 ऑगस्ट 2004, अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाची आदली संध्याकाळ. तपासणीवाले क्रीडाग्रामात आले, तर यजमान ग्रीसचे लाडके धावपटू कोस्तास केंटेरिस आणि कातेरिना थानू जागेवर नाहीत. सापडले ते इस्पितळात. म्हणे मोटारसायकलवरून पडले. (पुढे अपघात बनावट असल्याच्या खटल्यात दोघं अपिलात निर्दोष सुटले, म्हणून इथे 'म्हणे'च्या पुढे मी जात नाही.) सहा दिवसांनी दोघांनी ऑलिंपिकमधून माघार घेतली, तपासण्या चुकवल्याचं मात्र 2006 मध्ये कबूल केलं.

थानूबाईंची खरी गंमत सिडनीतली. 2000 साली शंभर मीटरमध्ये त्या दुसऱ्या आल्या होत्या, अमेरिकेच्या मॅरियन जोन्सच्या मागे. 2007 मध्ये जोन्सने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली, पदक गेलं. आता सुवर्ण कुणाला? नियमाने थानूला. ऑलिंपिक समितीने दोन वर्षं डोकं खाजवलं आणि 2009 मध्ये ठरवलं: कुणालाच नाही. त्या शर्यतीत पहिली कुणी आलीच नाही.

आपल्याकडे एवढा खटाटोप लागत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत 'नाडा'ची (उत्तेजकं तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) माणसं आल्याची कुणकुण लागली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत धावायला एकच जण उरला. बाकीच्यांना अचानक क्रॅम्प आले, स्नायू आखडले. स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या लांब शर्यतीची) एक ज्युनिअर मुलगी मात्र धावली, अंतिम रेषा ओलांडली आणि थांबलीच नाही. ती पुढे, नमुना घेणारा अधिकारी मागे.