जागा आमची रिकामी, पगारवाढ दुनियेची

३ डिसेंबर २०२५. माझं जुनं कॉलेज पेन स्टेट, त्याच्या अमेरिकन फुटबॉल संघाला कोच हवाय. ज्याच्यावर आस होती तो सिताके काल आहे तिथेच राहिला. युटातल्या प्रोव्होतच राहिला, तिथल्या बीवायू विद्यापीठाचा नवा करार खिशात घालून. सोमवारी एकजात सगळे पत्रकार छातीठोकपणे सांगत होते की ठरलंय, आता फक्त सह्या बाकी. मंगळवारी सगळं मुसळ केरात. आणि आडवं आलं कोण? कुकीवाला! क्रंबल कुकीजच्या संस्थापकांपैकी एक जण उघड उघड लिहितो की काही माणसांना पर्याय नसतो, आता आपणच पुढे व्हायला हवं. की लागले सगळे बीवायूवाले कामाला. इकडे १८५५ सालचं विद्यापीठ, लाखावर माणसं बसणारं स्टेडियम, त्याच्या नूतनीकरणावर ७० कोटी डॉलर चाललेत, आणि आपण हरलो कुणाला? मैदा आणि साखरेला!

वर आज साइनिंग डे, म्हणजे शाळकरी खेळाडूंनी कॉलेजशी सह्या करायचा दिवस. किती पोरांनी सह्या केल्या? दोन. दोन!! बाकीच्यांपैकी कितीतरी पोरं आपल्या आधीच्या कोचचं, फ्रँकलिनचं, बोट धरून व्हर्जिनिया टेकला गेली. म्हणजे ज्याला आपण हाकललं, तो महिन्याभरात दुसरीकडे चिकटला, तिथे नवा संसार मांडला आणि जाताना आपलीच भांडीकुंडी घेऊन गेला. आपण अजून उघड्यावर.

फ्रँकलिन गेल्याचं दुःख मला नाही हं. टॉप टेनमधल्या संघांसमोर २५ पैकी ४ सामने जिंकणारा माणूस. २०१८ला ओहायो स्टेटविरुद्ध, घरच्या मैदानावर, फोर्थ अँड फाइव्ह, म्हणजे शेवटची संधी आणि पाच यार्ड हवे, सामना हातात, आणि हा पास सोडून बॉल पळायला रनिंग बॅकच्या हातात देतो! मी मरेन तेव्हाही तो प्ले माझ्या डोळ्यांसमोर असेल. २०२१ला इलिनॉयविरुद्ध नऊ ओव्हरटाइम खेळून १८-२० असे हरलो, तेही घरीच. आणि यंदा सीझनच्या आधी दुसरा नंबर, म्हणून आम्ही कॉलर ताठ करून फिरत होतो. ऑरेगॉनशी हरलो, ठीक. पण यूसीएलए? एकही सामना न जिंकलेलं यूसीएलए? त्यांनी स्वतःचा कोच आधीच काढलेला, प्ले कोण सांगणार हेही त्याच आठवड्यात ठरलेलं, आणि त्यांनी आमच्यावर ४२ पॉइंट काढले. मग घरी नॉर्थवेस्टर्नशीही हरलो. मग रविवारी, १२ ऑक्टोबरला, नारळ. बरोबरच झालं.

पण काढायच्या आधी पुढचा कोण, याचा विचार करायला नको? नोकरी सोडतानासुद्धा आपण दुसरी हातात असल्याशिवाय राजीनामा टाकत नाही. आमचे ॲथलेटिक डायरेक्टर पॅट क्राफ्टसाहेबांनी मात्र ४ कोटी ९० लाख डॉलरच्या बायआउटवर, म्हणजे करार मोडल्याच्या भरपाईवर, कोच काढला आणि मग यादी करायला बसले. यादी कसली, दुनियेची पगारवाढ योजना!

सिग्नेटी: फ्रँकलिन गेल्यावर चौथ्या दिवशी इंडियानाने या त्यांच्या कोचला आठ वर्षांचे ९ कोटी ३० लाख दिले. जन्म पिट्सबर्गचा, आपल्याच राज्यातला. नोव्हेंबरात तोच आपल्या घरी येऊन शेवटच्या मिनिटाला २७-२४ने हरवून गेला. एल्को: इथल्या, न्यू जर्सीतल्या, साउथ ब्रन्सविकचा पोरगा, आमच्या एडिसनपासून हाकेच्या अंतरावर. टेक्सास ए अँड एमने त्यालाही नवा करार दिला. आणि मॅट रूल, नेब्रास्काचा कोच, आपला माजी खेळाडू, ‘घरी येणार, घरी येणार’ म्हणून आम्ही आरती करून ठेवलेली. ऑक्टोबर संपायच्या आत त्याने नेब्रास्कातच सही ठोकली. त्याच नेब्रास्काला पुढे आपण ३७-१०ने धुतलं, म्हणजे निदान तो आला नाही हे बरंच झालं म्हणायचं. आता सिताके. बंगळुरूत असताना आमच्या टीममध्ये एक जण होता, दरवर्षी अप्रेझलच्या महिन्यात त्याला कुठून तरी ऑफर लेटर यायचं आणि मॅनेजर घाबरून पगार वाढवायचा. पेन स्टेट म्हणजे आता ते ऑफर लेटर झालंय.

आणि गंमत म्हणजे फ्रँकलिनचा तो दहा वर्षांचा करार आला कुठून? २०२१ला यूएससी आणि लुइझियानातलं एलएसयू ही विद्यापीठं कोच शोधत होती, याचं नाव हवेत सुटलं, आपली पाचावर धारण बसली. याचा एजंट जिमी सेक्स्टन. कोच किफिनही त्याचाच. टेक्सास ए अँड एमकडून साडेसात कोटी डॉलरच्या वर घेऊन घरी बसलेला त्यांचा माजी कोच जिम्बो फिशरही त्याचाच. पुढच्या जन्मी मला सेक्स्टन व्हायचंय.

माझा साडू ओहायो स्टेटचा. तो म्हणतो, ‘अहो साडूभाऊ, फ्रँकलिनला नोकरी मिळाली म्हणून तुमचा बायआउट ९० लाखांवर आला की! वाचले चार कोटी.’ वाचले? ज्या ट्रस्टींनी मे महिन्यात विद्यार्थी कमी, पैसा पुरत नाही म्हणून २०२७ला सात कॅम्पस बंद करायचा ठराव केला, यॉर्क, विल्क्स-बॅरी, न्यू केन्सिंग्टन वगैरे, त्यांच्याच विद्यापीठात हा खेळ चालतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: ॲथलेटिक्सचा खिसा वेगळा. असेल वेगळा. पँट एकच ना?

एलएसयूचा तमाशा तर विचारूच नका. तिथला गव्हर्नर म्हणतो, या ॲथलेटिक डायरेक्टरपेक्षा ट्रम्पनी कोच निवडलेला बरा. मग डायरेक्टरही गेला. मग काढलेल्या कोचला, केलीला, सांगितलं की तुला अजून रीतसर काढलेलंच नाही, तो कोर्टात गेला. शाळेच्या गॅदरिंगलाही इतका गोंधळ होत नाही. आणि एवढं सगळं करून त्यांना मिळाला कोण? किफिन! अकरा सामने जिंकलेला, प्लेऑफच्या तोंडावर स्वतःच्या ओल मिस संघाला लाथ मारून आलेला. आम्ही सभ्यपणे, गुपचूप, दारोदार फिरलो, आणि हाती दोन पोरं.

काल रात्री आईचा फोन आला. आवाज ऐकून म्हणाली, काय झालं, बरं नाही का? मी सगळं सांगितलं, सिताके, बायआउट, कुकी. बराच वेळ ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, ‘अरे, तुझं शिक्षण संपून एवढी वर्षं झाली, कॉलेजच्या पीटीच्या सरांशी तुला काय देणंघेणं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टँड-अप मीटिंगमध्ये म्यूट करून, कोच येतोय का म्हणून युटाहून सुटणारी खाजगी विमानं बघणारा, गुडघेदुखीचा माणूस आहे मी. बायकोने तर विचारणंच सोडलंय. ती फक्त येऊन लॅपटॉप मिटते.

बरं, हंगामी कोच टेरी स्मिथ काय वाईट आहे हो? आपलाच जुना खेळाडू, पोरं त्याच्यासाठी बोर्ड घेऊन उभी राहिली. पडक्या घरात येऊन सहापैकी तीन जिंकला. शनिवारी पिस्कॅटवेत रटगर्सला ४०-३६ने हरवलं, मी होतो तिथे, थंडीने नाक गळत होतं पण होतो. ओहायो स्टेटला तो हरवेल का? नाही हरवणार. फ्रँकलिन तरी कुठे हरवत होता? याला निदान दुसरीकडून काउंटर ऑफर येणार नाही. द्या त्याला आणि मोकळे व्हा.

आणि आजपासून ग्रुपवर कुणी ‘आतल्या गोटातून’ म्हणत विमानाचा नंबर टाकला, तर सरळ काढून टाकणार आहे. ॲडमिन मी आहे. आयोवा स्टेटचा कोच असतो त्या एम्स, आयोवाहून आज संध्याकाळी काही सुटलंय का, एवढं फक्त मला पर्सनलवर कळवा.